घराचा नकाशा काढणारी बाई

(आमच्या केंद्राच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, "हे काय मध्येच? गेल्या वेळी पोटगीचा कायदा झाला, त्याआधी रेशन कार्डाचं झालं, आणि आता एकदम अमूर्त चित्रं?" प्रश्न रास्त आहे. मी काही चित्रकलेतली जाणकार नाही. शाळेतली माझी चित्रकला म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर एक कौलारू घर. त्या घरात कोण राहतं, ते कोणाच्या नावावर आहे, हे मी तेव्हा कधी विचारलं नव्हतं. पुढे एम.एस.डब्ल्यू. केलं, कामाला लागले, आणि रोज बायकांना हाच प्रश्न विचारणं हे माझं काम झालं. म्हणून आज जिच्याबद्दल बोलणार आहे ती बाई मला आपल्या कामाच्या जवळची वाटते.

तिचं नाव झरीना. माहेरचं आडनाव रशीद, लग्नानंतरचं हाश्मी. पण कलाकार म्हणून तिनं नुसतं 'झरीना' एवढंच नाव लावलं. बापाचंही नाही आणि नवऱ्याचंही नाही. ती वयानं माझ्या आजीएवढी, पण मी तिला 'ती'च म्हणणार आहे. आजीलाही आपण अगं-तुगंच करतो की!

२०२० च्या फेब्रुवारीत मी एका प्रशिक्षणासाठी दिल्लीला गेले होते. शेवटची दुपार मोकळी मिळाली तेव्हा तिथल्या एका मैत्रिणीनं मला साकेतच्या किरण नाडर संग्रहालयात ओढून नेलं. मी मनातून वैतागले होते, कारण मला बाजारात जायचं होतं. आत झरीनाच्या कामाचं मोठं प्रदर्शन होतं. माणसाचं चित्र एकही दिसेना. रंग जवळजवळ नाहीतच, पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा. अशी चित्रं समोर आली की मी आधी शेजारची पाटी वाचते. तिथेही तेच केलं.

पाटीवर लिहिलं होतं 'होम्स आय मेड', आणि पुढे 'अ लाइफ इन नाइन लाइन्स'. म्हणजे 'मी केलेली घरं', 'नऊ रेघांमधलं आयुष्य'. १९९७ सालचं काम. मग पुन्हा चित्रांकडे पाहिलं, तर ते घरांचे नकाशे होते! गवंडी जोत्याआधी जमिनीवर फक्की मारून आखणी करतो, तसे. ही भिंत, इथे दार, इथे वळण. लग्न झाल्यापासून ती जिथे जिथे राहिली त्या घरांचे. बँकॉक, पॅरिस, बॉन, दिल्ली, टोकियो, न्यूयॉर्क. शब्द नीट पाहा, 'मी घेतलेली घरं' असं ती म्हणत नाही, 'मी केलेली' म्हणते. आपल्याकडे बाई संसार 'करते', घर 'करते'. घेतो तो दुसराच कुणीतरी, आणि सात-बारावर किंवा सोसायटीच्या दाखल्यावर नाव येतं ते त्या घेणाऱ्याचं.

आता तिची थोडी हकीकत. जन्म १६ जुलै १९३७, अलीगढ. वडील शेख अब्दुर रशीद, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. आई फहमीदा बेगम. मोठी बहीण राणी, हिचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. फाळणी झाली तेव्हा झरीना १० वर्षांची होती. घरचे लगेच गेले नाहीत. १९५८ मध्ये तिनं गणितात बी.एस्सी. केलं, त्याच वर्षी परराष्ट्र सेवेतल्या साद हाश्मी यांच्याशी लग्न झालं, आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर ती बँकॉकला गेली. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, आईवडील कराचीला गेले.

माझ्या मते या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहायला हव्यात. तिच्यावर लिहिणारे फाळणीबद्दल भरभरून लिहितात, आणि ते बरोबरच आहे. पण तिचं पहिलं देशांतर फाळणीनं केलेलं नाही, लग्नानं केलं. ते कुणाला देशांतर वाटत नाही, कारण बाईनं उठून दुसऱ्याच्या घरी जाणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट मानली जाते. तिच्या बाबतीत इतकंच झालं की ती सासरी गेली आणि पाठीमागे माहेरही उठून सरहद्दीपलीकडे गेलं. आपल्यातल्या कित्येकींना माहेर असूनही परत जायला जागा नसते. तिला तर परत जायचं म्हटलं तरी व्हिसा काढावा लागणार होता.

बँकॉकमध्ये ती लाकडी ठशाचं, म्हणजे वुडकटचं काम शिकली. पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या 'अतेलिए १७' या नावाजलेल्या कार्यशाळेत शिकली. १९६८ मध्ये दिल्लीला परत आली, स्वतःचा स्टुडिओ थाटला, त्या काळात ग्लायडर उडवायलाही शिकली. वरून जमीन कशी दिसते हे तिनं पाहिलेलं होतं, नकाशे उगीच येत नाहीत. १९७४ मध्ये जपानला गेली, तोशी योशिदा यांच्याकडे ठशाचं काम आणखी शिकली. मग अमेरिका, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्क. १९७७ मध्ये नवरा वारला. पदरी ना पगार ना मोठं नाव, तरी ती तिथेच राहिली.

मला माहीत आहे, कुणीतरी म्हणेल, ही तर मोठ्या घरची बाई, प्राध्यापकाची लेक, अधिकाऱ्याची बायको, तिचं आणि आपलं काय? हा आक्षेप मीही स्वतःशी घेतला. तिला विमानाचं तिकीट होतं, इंग्रजी होती, गणिताची पदवी होती. आपल्याकडे येणाऱ्या बायकांकडे यातलं काहीच नसतं, हे विसरून चालणार नाही. पण न्यूयॉर्कमध्ये तिला जे दिसलं ते आपल्या चळवळीनं ऐकण्यासारखं आहे, म्हणून सांगते.

त्या काळात तिथे बाई कलाकारांची चळवळ जोरात होती. १९७२ मध्ये 'ए.आय.आर.' नावाची बायकांनीच सहकारी तत्त्वावर चालवलेली गॅलरी सुरू झाली होती. झरीना या चळवळीत उतरली. 'न्यूयॉर्क फेमिनिस्ट आर्ट इन्स्टिट्यूट'मध्ये ती हातकागद करायला शिकवायची. 'हेरेसीज' नावाचं स्त्रीवादी नियतकालिक होतं, त्याच्या १९७९ च्या तिसऱ्या जगातल्या स्त्रियांवरच्या अंकाच्या संपादक गटात ती होती. पण 'आपण सगळ्या बाया एक' असं म्हणणाऱ्या त्या चळवळीत बोलणाऱ्या, ठरवणाऱ्या बहुतेक गोऱ्या आणि मध्यमवर्गीय होत्या. मग १९८० मध्ये झरीना, क्यूबातून लहानपणीच देशाबाहेर पाठवली गेलेली आना मेंडिएटा, आणि जपानहून आलेली काझुको मियामोतो या तिघींनी त्याच ए.आय.आर. गॅलरीत तिसऱ्या जगातल्या आठ कलाकार बायकांचं प्रदर्शन भरवलं. नाव 'डायलेक्टिक्स ऑफ आयसोलेशन', म्हणजे एकटेपणाचा द्वंद्ववाद म्हणू या. नाव जड आहे, भांडण साधं होतं. तुमच्या 'आपण'मध्ये आम्ही आहोत का?

हे भांडण आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगेंनी १९९८ मध्ये लिहिलं ते दलित स्त्रियांच्या वेगळ्या आवाजाबद्दल. त्यावर आपल्यातल्या काही जणी दुखावल्या होत्या, असं ज्येष्ठ मैत्रिणींकडून ऐकलंय. मला झरीनाचं हे आवडतं, की ती रुसून बाहेर पडली नाही. त्याच गॅलरीची भिंत मागून घेतली.

आता चित्रांकडे येते. ठसा कसा करतात ते माहीत असल्याशिवाय तिची एक रेघही कळत नाही. लाकडाच्या फळीवर पटाशीनं कोरतात. जिथे कोरलं तिथे खड्डा होतो, त्याला शाई लागत नाही. जे उंच राहतं तेवढंच कागदावर उमटतं. म्हणजे कागदावर एकच काळी रेघ हवी असेल तर रेघ कोरायची नसते, रेघ सोडून बाकीची सगळी फळी कोरून काढायची असते.

२००१ मध्ये तिनं 'डिव्हायडिंग लाइन' नावाचा ठसा केला. कागदावर वेडीवाकडी उतरत गेलेली एक काळी रेघ, बाजूला पटाशीचे बारीक ओरखडे. ती भारत-पाकिस्तानची सरहद्द. सिरिल रॅडक्लिफ १९४७ च्या जुलैत पहिल्यांदा हिंदुस्थानात आले आणि साधारण पाच आठवड्यांत त्यांनी ही रेघ आखली. जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपण कुठल्या देशात आहोत हे लोकांना झेंडावंदन झाल्यावर कळलं. त्यांनी आखली कागदावर पेनानं. झरीनानं तीच रेघ ५४ वर्षांनी लाकडात राखली, भोवतीचा सगळा मुलूख स्वतःच्या हातानं खरवडून काढून. वयाच्या ६४ व्या वर्षी. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. माझ्या मैत्रिणीला वाटलं मला चक्कर येतेय.

त्याआधीचं, १९९९ चं, 'होम इज अ फॉरेन प्लेस' हे तिचं सगळ्यात नावाजलेलं काम. घर हाच परका मुलूख. ३६ लहान ठसे, आणि प्रत्येकाखाली उर्दूत एक शब्द. ते शब्द तिनं पाकिस्तानातल्या एका सुलेखनकाराकडून नस्तालिकमध्ये लिहून घेतले. तिची पद्धत अशी, की आधी शब्द आणि मग चित्र. घर, आंगन, दीवार, रात, सरहद, फासला, जबान. मला उर्दू लिपी येत नाही. पण शब्द कुणी वाचून दाखवले तर यातला एकही आपल्याला परका नाही. अंगण आपलं, दिवाल आपली. ती ज्यावर आयुष्यभर जगली तो कागद, ती शाई आणि तो नकाशा, हे तिन्ही शब्द मराठीत फारसीतूनच आलेत. भाषा हेच आपलं घर, अशी तिची भावना होती. पन्नास वर्षं ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी बोलणाऱ्या गावांमधून फिरली आणि चित्रांत लिहीत राहिली उर्दूत, ज्यांना वाचता येणार नाही अशा लोकांसमोर.

आता राणी. ही बहीण कराचीत होती. सरहद्दीच्या पलीकडे दोघींचं माहेर ते तेवढंच उरलेलं. राणीनं झरीनाला पत्रं लिहिली आणि टाकली नाहीत. आईवडील गेल्याचं, घर विकल्याचं, मुलं दूर गेल्यावर एकटं पडल्याचं. असली पत्रं पेटीत टाकायला हात धजत नाही, ते मी समजू शकते. ती पुढे केव्हातरी झरीनाच्या हाती आली. २००४ मध्ये तिनं त्या पत्रांचे ठसे घेतले, त्यांवर घरांचे आराखडे आणि नकाशे छापले. 'लेटर्स फ्रॉम होम', आठ चित्रं. बहिणीचं हस्ताक्षर दिसतं, पण वर काळा आराखडा आल्यामुळे उर्दू येणाऱ्यालाही सगळं वाचता येत नाही. राणी २०१३ मध्ये गेली.

इथे मला आपल्या धंद्याबद्दल एक बोलायचं आहे. केंद्रात बाई आली की आपण फॉर्म पुढे ओढतो. नाव, वय, जात, लग्नाची तारीख, मारहाण कधीपासून, कशानं. मग तेच पोलिसांसमोर, तेच वकिलांसमोर, तेच कोर्टात. प्रत्येक ठिकाणी ती रडली तर खरी, नाही रडली तर 'बाई फार तयारीची दिसते'. मी स्वतः हे मनात म्हटलेलं आहे, खोटं कशाला सांगू? झरीनाची चित्रं पाहताना मला पहिल्यांदा कळलं की दुःख सांगायचं पण उघडं करायचं नाही, असाही एक मार्ग असतो. ती पत्र दाखवते आणि वाचू देत नाही. घर दाखवते, आत कोण भांडलं, कोण मेलं, सांगत नाही. नुसती भिंतीची मापं देते. पाहणाऱ्याला दया दाखवायला जागाच ठेवत नाही. अमूर्त चित्र म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभा, असं मी समजत होते. तिच्या हातात ते अब्रू राखण्याचं साधन झालंय.

आणि ती स्वतःच्या घरावरच थांबली नाही. २००३ मध्ये तिनं नऊ शहरांचे ठसे केले. ग्रोझनी, सारायेवो, स्रेब्रेनित्सा, बैरूत, जेनीन, बगदाद, काबूल, न्यूयॉर्क. नववं आहे अहमदाबाद, २००२ नंतरचं. जगातल्या उद्ध्वस्त शहरांच्या यादीत आपल्या शेजारचं गाव पाहून मला धक्का बसला. बसायला नको होता. २०१५ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी तिनं समुद्रात नावांमध्ये अडकलेल्या रोहिंग्यांवर चित्र केलं.

२०११ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, बिएनालेत, भारताचं पहिलं अधिकृत दालन उभं राहिलं. मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी त्याची निवड केली होती, आणि त्यात झरीना होती. पस्तीस वर्षं न्यूयॉर्कला राहिलेली, आईबाप आणि बहीण पाकिस्तानात असलेली बाई भारताच्या दालनात! कुणाला ही विसंगती वाटेल. मला वाटतं, भारताचा सगळ्यात खरा नकाशा त्या दालनात तिनंच लावला असेल.

मी प्रदर्शन पाहून आले आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये आम्ही नाशिक हायवेवर पायी निघालेल्या बायकांना पाणी आणि बिस्किटं देत होतो. "कुठे निघालात?" विचारलं की सगळ्या एकच उत्तर देत, "घर". ज्या खोलीत दहा वर्षं राहिल्या तिला त्या घर म्हणत नव्हत्या. त्याच महिन्यात, २५ एप्रिलला, झरीना लंडनमध्ये वारली. मला कळलं जूनमध्ये.

पुढे सगळं सुरळीत झाल्यावर आपल्या बुधवारच्या गटात मी कागद-पेन्सिली वाटल्या आणि सांगितलं, आपापल्या घराचा नकाशा काढा. कुठलं घर, ते सांगितलं नाही. गटातली सगळ्यात म्हातारी आजी कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा ती १० वर्षांची होती, झरीनाएवढीच. तिनं शिवसागराखालचं घर काढलं. लिहिता येत नाही म्हणून मला शेजारी बसवून नावं घालायला लावली, सोपा, माजघर, परडं, म्हशीची जागा. मी 'बेडरूम' लिहायला गेले तर हातावर चापट मारली. ज्या घरात साठ वर्षं राहिली ते तिनं काढलंच नाही. "ते व्हय? ते मालकांचं," म्हणाली.

दुसरी एक, तिशीतली, नवऱ्यानं बाहेर काढलेली. तिनं सासरच्या फ्लॅटचा नकाशा काढला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, अगदी मोजून. मी विचारलं, यातली तुझी जागा कुठली? बराच वेळ पेन्सिल हलली नाही. मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराआड एक लहान चौकोन काढला. तिची पत्र्याची पेटी तिथे असते.

तो फ्लॅट सासूच्या नावावर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, पण घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं की तो अडायचा. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सांगितलं, की घर नवऱ्याच्या नातेवाइकांच्या मालकीचं असलं तरी, बाई तिथे संसार करून राहिलेली असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं. हे मागच्या अभ्यासवर्गात झालंय, परत सांगत नाही.

तिचा अर्ज भरताना वकीलताईंनी घराचं वर्णन मागितलं. तिनं पिशवीतून तोच कागद काढला. घडीवर थोडा फाटला होता. बुधवारनंतर तिनं त्यात भर घातली होती. ओटा, पाण्याचं पिंप, ती झोपायची ती जागा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या हातानं नाव लिहिलेलं. वकीलताईंनी तो अर्जाला जोडला. पुढची तारीख याच महिन्याच्या शेवटी आहे. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी आज जाताना माझ्याकडे नाव द्या.